आजचं चिंतन (गीता अध्याय २, श्लोक ७०-७१) : गाडगेबाबांचं घर



रोज थोडं थोडं करत आपण गीतेच्या दुसऱ्या अध्यायाच्या शेवटाजवळ पोचलो. आज श्लोक ७० आणि ७१. उद्या ७२ वा झाला की अध्याय संपला.

दोन्ही श्लोकांचा सूर एकच आहे, शांती कोणाला मिळते? ७० व्या श्लोकात समुद्राचं उदाहरण येतं. चारी बाजूंनी नद्या येऊन मिळतात, पण समुद्र आपली मर्यादा सोडत नाही. ७१ व्या श्लोकात तीच गोष्ट माणसाबद्दल सांगितली आहे. इच्छांची ओढ सुटलेली, 'माझं' सुटलेलं, 'मी' सुटलेला, असा जो जगात वावरतो त्याला शांती मिळते. यातला एक शब्द आज जपून ठेवा : निर्मम. म्हणजे ज्याच्याकडे 'मम' नाही असा. गंमत बघा, मराठीत आपण हाच शब्द 'निष्ठुर' अशा अर्थानं वापरतो. या दोन अर्थांमध्ये मी काही महिने अडकलो होतो. म्हणून आज श्लोकाचा अर्थ फोडत बसत नाही, एका माणसाचं आयुष्य सांगतो.

पण आधी माझी एक गोष्ट. सांगायला लाज वाटते, पण ती टाळून पुढचं लिहिणं खोटं होईल.

मी कोपरला राहतो हे जुन्या वाचकांना माहीत आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही वन बीएचके विकून टू बीएचके घेतला. वीस वर्षांचा ईएमआय. दुसऱ्या खोलीत माझं कामाचं टेबल, दोन मॉनिटर आणि एक सोफा-कम-बेड. तो घेताना बायकोला म्हणालो होतो की पाहुणे आले की उपयोगी पडेल. मागच्या पावसाळ्यात मामांचा फोन आला. माझं आजोळ मूर्तिजापूर तालुक्यातलं. घशात गाठ आहे, परळला उपचार घ्यायला सांगितलंय, पाच-सहा आठवडे मुंबईत राहावं लागेल, असं ते म्हणाले. मी 'या' म्हणालो. पण म्हणायला तीन-चार सेकंद लावले. तेवढ्यात डोक्यातून काय काय गेलं ते सांगतो : रिलीज जवळ आलीय, कॉल कुठे घेणार, नवीन गादी, पाच-सहा आठवडे म्हणजे खूप झाले.

मामांना ते तीन-चार सेकंद ऐकू आले. ते लगेच म्हणाले की काळजी करू नको, दादरला गाडगेबाबांच्या धर्मशाळेत सोय झालीय, तिथून हॉस्पिटल जवळही पडतं. नंतर कळलं की तोपर्यंत सोय झालेली नव्हती. ती त्यांनी माझ्या फोननंतर केली.

लहानपणी मे महिन्यात आम्ही नऊ-दहा भाचरं महिनाभर मामांच्या दोन खोल्यांत असायचो. मामांनी कधी तीन-चार सेकंद लावल्याचं मला आठवत नाही.

रविवारी डबा घेऊन मी कोपरहून स्लो लोकल पकडली आणि तासाभरानं दादर पूर्वेला उतरलो. धर्मशाळेत कुठून कुठून आलेली माणसं होती. कुणाच्या गळ्यावर पट्टी, कुणाच्या डोक्यावर केस नाहीत, कुणाच्या मांडीवर पोर झोपलेलं. मामा त्यांच्यात असे बसले होते जणू वर्षानुवर्षांची ओळख आहे. ते शांत होते. अस्वस्थ मीच होतो. टू बीएचकेचा मालक मी आणि एका पिशवीत मावेल एवढ्या सामानावर आलेले मामा, पण झोप त्यांना लागत होती.

त्या रात्री घरी येऊन गाडगेबाबांबद्दल वाचायला घेतलं. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी बाबा हयात असतानाच, १९५२ साली त्यांचं चरित्र लिहिलं. गो. नी. दांडेकर तरुणपणी बाबांच्या सहवासात राहिले होते, त्यांनीही लिहिलंय. तोवर माझ्यासाठी गाडगेबाबा म्हणजे शाळेच्या पुस्तकातले झाडूवाले बाबा, आणि टीव्हीवर पाहिलेल्या 'देवकीनंदन गोपाला' या १९७७ च्या सिनेमातले डॉ. श्रीराम लागू. एवढंच.

मामाच्या घरी वाढलेला मुलगा

बाबांचं मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. जात परीट. वडील झिंगराजी यांना दारूनं गाठलं. त्यातच घरदार गेलं आणि ते स्वतःही गेले. डेबू तेव्हा जेमतेम आठ वर्षांचा. आई सखुबाई त्याला घेऊन माहेरी आली, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुरे गावी. म्हणजे डेबू मामाच्या घरी वाढला. हे वाचलं आणि पुस्तक मिटून थोडा वेळ गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

शाळा नाहीच. गुरं राखायची, शेतात राबायचं, नदीत पोहायचं, रात्री भजनाला बसायचं. मोठा होत गेला तसा तो गावातला पहिल्या नंबरचा शेतकरी झाला. हे मला महत्त्वाचं वाटतं. बाबांनी घर सोडलं ते जमत नव्हतं म्हणून नाही. ते उत्तम कमावू शकत होते.

मामा चंद्रभानजी सरळ माणूस. सावकाराच्या व्यवहारात ते फसले. शेती हातची गेली आणि तो धक्का त्यांना सोसला नाही. चरित्रकार सांगतात की सावकाराची माणसं शेताचा ताबा घ्यायला आली तेव्हा तरुण डेबूजी एकटा शेतात उभा राहिला आणि त्यांना परत जावं लागलं. म्हणजे जमिनीचा तुकडा हातात असणं काय आणि हातातून जाणं काय, दोन्ही त्याला पुस्तकातून कळलेलं नव्हतं. जगून कळलेलं होतं. मालकी टिकवायला भांडणाराच हा माणूस होता. पुढे त्यानं मालकी सोडली ती तिची किंमत माहीत असताना सोडली.

लग्न सोळाव्या-सतराव्या वर्षी झालं. पत्नी कुंताबाई. मुलीच्या बारशाला नातेवाईक जमले. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे अशा वेळी दारू आणि मटण हवंच. डेबूजीनं दोन्ही ठेवलं नाही, गोडाधोडाचं जेवण घातलं. भाऊबंद नाराज झाले. वडील ज्या बाटलीपायी गेले ती घरात आणायची नाही, मग जात काय म्हणेल ते म्हणो. कर्ज काढून कार्य करायचं आणि मग जन्मभर सावकाराला फेडायचं, हे चक्र त्यानं दोन पिढ्या पाहिलं होतं. पुढे पन्नास वर्षं कीर्तनात तो हेच सांगत राहिला : सण करा, लग्न करा, पण ऋण काढून करू नका.

१ फेब्रुवारी १९०५

त्या दिवशी भल्या पहाटे, वयाच्या २९ व्या वर्षी, डेबूजी घराबाहेर पडला तो परत संसारात आलाच नाही. अंगावर जुनं फाटकं वस्त्र, हातात काठी आणि मातीचं गाडगं.

तिथून पुढची बारा-तेरा वर्षं नुसती भटकंती. कुणाच्या शेतात कापणी चाललेली दिसली की जाऊन कापू लागायचं. कुणाची गाडी चिखलात रुतली तर खांदा द्यायचा. काम झालं की मजुरी न घेता चालू पडायचं. भूक लागली की एखाद्या घरी भाकर मागायची, ती गाडग्यात घेऊन खायची, आणि तेच गाडगं नंतर डोक्यावर पालथं घालायचं. पायात दोन वेगवेगळ्या जोडांमधल्या वहाणा. एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच. अंगावर चिंध्यांची गोधडी. लोकांनी वेडा म्हटलं, चोर म्हणून हाकललं, कुणी मारलंही. नाव कुणी विचारलं नाही. गाडगं दिसलं म्हणून गाडगेबाबा. एवढंच. त्या माणसाची जगातली एकुलती एक वस्तू, तीच त्याचं नाव झाली, आणि तीसुद्धा मातीची.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. ७१ व्या श्लोकात भगवंतानं त्या माणसासाठी जे क्रियापद वापरलंय त्यात हिंडण्या-फिरण्याचा अर्थ आहे. तो माणूस गुहेत बसलेला नाही. तो लोकांत वावरतोय. आपल्याला वाटतं शांती म्हणजे डोंगरावरचा रिसॉर्ट, फोन बंद, दोन दिवस कुणी बोलायचं नाही. बाबांची शांती रस्त्यावर होती. हातात खराटा, समोर घाण आणि आजूबाजूला हसणारी माणसं, अशा गर्दीत ती टिकली.

त्यांची पद्धत ठरलेली. गावात पाऊल ठेवलं की आधी झाडायला सुरुवात. गटार, चावडी, देवळापुढची जागा. लोक पाहायला जमायचे. कुणी पैसे पुढे केले तर घ्यायचे नाहीत. मग संध्याकाळी, दिवसभर झाडलेल्या त्याच जागेवर कीर्तन. वऱ्हाडी बोली, टाळ म्हणून कधी दोन दगडसुद्धा चालायचे. कीर्तन म्हणजे गप्पाच. समोरच्या लोकांना प्रश्न विचारायचा, उत्तर त्यांच्याच तोंडून काढायचं. बोकड कापून देव पावतो का, शिवल्यानं माणूस बाटतो का, पोराला शाळेत का घालत नाही, नवस फेडायला कर्ज का काढता. शेवटी गोपालाच्या नावाचा गजर. पाया पडायला कुणी वाकलं की काठी उगारायची. मी कुणाचा गुरू नाही आणि माझा कुणी शिष्य नाही, ही भूमिका शेवटपर्यंत.

नद्या येत गेल्या

आता मला सर्वांत जास्त चकित करणारा भाग. इथपर्यंतची गोष्ट ऐकून वाटतं, ठीक आहे, एका विरक्त माणसानं सगळं सोडलं, कमी वस्तूंत राहिला, त्याला काय टेन्शन असणार. मिनिमलिझमचे व्हिडिओ आपणही बघतो. कपाट आवरायचं, जुने शर्ट देऊन टाकायचे आणि मग त्याच जागेत नवीन बसवायचे.

पण बाबांकडे पुढे पैसा आला. खूप आला. कीर्तनाला हजारोंनी माणसं जमायची, देणगी द्यायला व्यापारी रांगेत उभे राहायचे. आणि बाबांनी पैसा तुच्छ मानला नाही, नाकारलाही नाही. त्यांनी तो कामाला लावला.

सुरुवात पूर्णा नदीकाठच्या ऋणमोचनला झाली. तिथे यात्रा भरते, नदीवर उतरायला चिखल. बाबांनी घाट बांधायला घेतला. नाव बघा गावाचं : ऋणमोचन, कर्जातून सुटका! मूर्तिजापूरला गोरक्षण संस्था उभी राहिली. नाशिकला गोदावरीच्या यात्रेकरूंसाठी धर्मशाळा. देहूला, आळंदीला धर्मशाळा. पंढरपुरात तर ज्यांना दुसऱ्या कुठल्याच धर्मशाळेत पाऊल टाकू देत नसत, जे चंद्रभागेच्या वाळवंटात पावसात भिजत वारी करत, त्या अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांसाठी त्यांनी धर्मशाळा बांधली आणि तिला नाव दिलं चोखामेळ्याचं. ज्या संताला देवळाच्या पायरीच्या आत घेतलं नाही, त्याच्या नावानं घर. मुंबईत जे. जे. हॉस्पिटलजवळ रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा. देव शोधायला माणूस देवळात जातो, पण तो सर्वांत जास्त घाबरलेला असतो हॉस्पिटलच्या बाहेर, रात्री, पाठ टेकायला जागा नसताना. हे या न शिकलेल्या माणसाला कुणी सांगितलं असेल?

हिशेब पै-पैचा चोख. पैसा स्वतःच्या हातात ठेवायचाच नाही, विश्वस्तांकडे जायचा. जे बांधलं त्याचे ट्रस्ट करून टाकले. त्यात स्वतःचा हक्क नाही, घरच्यांचाही नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर अख्खी सिस्टीम उभी करून शेवटी स्वतःचंच ॲडमिन अकाउंट काढून टाकलं. १९४९ साली पंढरपूरची ती चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली, पोरं शिकतील म्हणून. १९५२ मध्ये श्री गाडगे महाराज मिशन स्थापन झालं आणि संस्थांचा कारभार लोकांच्या हाती गेला.

आणि स्वतः? धर्मशाळा बांधून झाली की बाबा बाहेर झाडाखाली नाहीतर झोपडीत. अंगावर तीच चिंध्यांची गोधडी, जेवायला तेच गाडगं. एक वास्तू झाली की पुढच्या रस्त्याला.

इथे मला ७० वा श्लोक पहिल्यांदा कळला असं वाटतं. समुद्राकडे नद्या येत नाहीत असं भगवंत म्हणत नाही. नद्या येतातच. पण समुद्राचं पाणी चढत नाही. बाबांच्या आयुष्यात मान, पैसा, माणसं, सगळ्या नद्या आल्या. पाणी चढलं नाही. म्हणजे अशांती वस्तूंमुळे येत नाही, वस्तूंच्या मागे आपण जो 'माझं' हा टॅग लावतो त्यातून येते. माझ्या दुसऱ्या खोलीत मामा आले असते तर खोलीचं काहीच बिघडलं नसतं. बिघडलं असतं ते माझ्या मनातल्या खोलीचं.

निर्मम म्हणजे निष्ठुर का?

इथपर्यंत लिहून थांबलो असतो तर छान वाटलं असतं. पण एक प्रश्न मला सोडत नाही आणि तुम्हालाही सोडत नसणार.

१९०५ च्या त्या पहाटे दापुऱ्याच्या घरात मागे राहिलं कोण? म्हातारी आई सखुबाई, पत्नी कुंताबाई आणि लहान लेकरं. बाबांनी 'माझं' सोडलं, पण त्या 'माझं'मध्ये ही माणसंही होती. धर्मशाळांचा हक्क घरच्यांना दिला नाही याचं आपण कौतुक करतो, पण त्या हक्काशिवाय दिवस काढले ते कुंताबाईंनी. त्यांच्या नावानं रस्ते नाहीत. मुलगा गोविंद वारला तेव्हा बाबा कोकणात खारेपाटणला कीर्तनात होते असं सांगतात. निरोप आला, त्यांनी कीर्तन थांबवलं नाही.

मी स्वतः एका मुलीचा बाप आहे. हा प्रसंग वाचून मला वैराग्याबद्दल आदर वाटण्याआधी राग आला. हे मी लपवणार नाही. मराठीतला 'निर्मम' म्हणजे हेच का?

बरेच दिवस विचार केल्यावर मी एवढ्यापर्यंत आलोय. त्या माणसाच्या आत काय झालं असेल ते मला माहीत नाही. पण पुढची तेहतीस-चौतीस वर्षं त्यानं काय केलं ते समोर आहे. परक्यांच्या पोरांना शाळेत घाला म्हणून तो गावोगाव गळा फाडत राहिला. हॉस्पिटलबाहेर बसलेल्या आयांसाठी छप्पर बांधत राहिला. निष्ठुर माणसाच्या हातून हे होत नाही. निष्ठुर माणसाचं 'माझं' सुटत नाही, माणसं सुटतात. बाबांचं उलट झालं असावं. 'माझं' हे कुंपण निघालं आणि आतली माया बाहेर सगळीकडे पसरली. ज्यांच्याजवळ ती जास्त राहायला हवी होती, त्यांच्या वाट्याला कदाचित कमी आली. कुंताबाईंचा हिशेब बाकी आहे, आणि तो बाकी आहे असंच मी म्हणेन. संतांवर प्रेम करायचं म्हणून त्यांच्या घरच्यांचे अश्रू पुसून टाकायचे नाहीत.

आणि एक. बाबांनी कीर्तनात कधी कुणाला घर सोडून या असं सांगितलं नाही. उलट सांगितलं की संसार नीट करा, बायकोला लुगडं कमी भावाचं घ्या पण पोराला शिकवा, आईबापाला सांभाळा. जो रस्ता त्यांनी स्वतःसाठी घेतला तो दुसऱ्यावर लादला नाही.

शेवटचा रस्ता

१९४९ साली बाबा मुंबईत आजारी होते. केंद्रात कायदामंत्री असलेले बाबासाहेब त्यांना भेटायला गेले आणि जाताना दोन घोंगड्या घेऊन गेले, अशी आठवण सांगतात. कुणाकडून काहीही न घेणाऱ्या बाबांनी त्या घेतल्या. मला हा प्रसंग फार आवडतो. कधीच घ्यायचं नाही, असा त्यागाचाही अभिमान असू शकतो. बाबांनी तोही धरून ठेवला नाही.

८ नोव्हेंबर १९५६ ला वांद्र्याच्या पोलीस स्टेशनात बाबांचं कीर्तन झालं. ते शेवटचं. त्याचं रेकॉर्डिंग आज ऐकायला मिळतं. नक्की ऐका, हेडफोन लावून, लोकलमध्ये. ऐंशी वर्षांच्या माणसाचा आवाज आहे, धाप लागलेली कळते, पण प्रश्न विचारायची ती खोड तशीच. पोलीस हसतात, उत्तरं देतात.

६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. बाबांना तो घाव फार लागला. त्यानंतर बरोबर १४ दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ ला, अमरावतीकडे जाताना वलगावजवळ पेढी नदीच्या परिसरात, रस्त्यावरच, गाडीत बाबांनी देह ठेवला. इतकी घरं बांधलेला माणूस कुठल्याच घरात गेला नाही. माझी समाधी, मूर्ती, देऊळ काही करू नका अशी त्यांची इच्छा होती म्हणतात. आपण ती मोडली. अमरावतीच्या गाडगेनगरात समाधी आहे. २००० साली सुरू झालेल्या ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचं नाव मिळालं, अमरावती विद्यापीठालाही मिळालं. दादरची ती धर्मशाळासुद्धा बाबांच्या पश्चात त्यांच्या नावानं उभी राहिली. बाबांनी स्वतःचं नाव कशालाच ठेवलं नव्हतं. लोकांनी ठेवलं.

मग आपण काय करायचं?

आपण कुणी उद्या सकाळी गाडगं घेऊन निघणार नाही. निघूही नये. ईएमआय आहे, आईबाबांची औषधं आहेत, पोरांची शाळा आहे. वस्तू नकोत असंही मी म्हणत नाही. फ्लॅट घेतला याचं मला वाईट वाटत नाही.

पण मी स्वतःसाठी एक छोटी टेस्ट लिहून ठेवलीय. एखादी वस्तू माझ्याकडे आहे की मी तिच्याकडे आहे, हे कसं ओळखायचं? कुणाला तिची गरज लागली की माझ्या तोंडून 'घे' यायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. शून्य सेकंद, तर वस्तू माझ्याकडे आहे. तीन-चार सेकंद, तर मी तिच्याकडे गहाण आहे. सावकार बदलला फक्त. घर, गाडी, वेळ, रविवार, सगळ्याला ही टेस्ट लागते. फार वेळा नापास होतो, पण आता निदान मोजतो तरी.

मामांचे उपचार तेव्हा नीट पार पडले. धर्मशाळेतून निघताना त्यांनी त्यांची चादर शेजारच्या खाटेवरच्या आजोबांना दिली, थंडी वाजते म्हणाले होते म्हणून. गावी परतायच्या आदल्या रात्री ते कोपरला आमच्याकडे राहिले. एकच रात्र. सोफा-कम-बेडवर झोपा म्हटलं तर खाली सतरंजी टाकून झोपले, आणि सकाळी आम्ही उठायच्या आत घडी करून ठेवली. मला त्या फोनबद्दल त्यांची माफी मागायची होती. जमलं नाही. चहा पिताना त्यांनीच विषय काढला, पण वेगळाच. म्हणाले की धर्मशाळेत माणसं फार चांगली भेटली, तुझ्यामुळे तिकडे गेलो. टोमणा नव्हता तो. खरंच तसं वाटत होतं त्यांना. टोमणा असता तर बरं झालं असतं.

पुढच्या महिन्यात ते तपासणीला येणार आहेत. या वेळी फोन मी केला. टेबल बेडरूममध्ये हलवलंय, एक मॉनिटर मित्राला दिला. मामा म्हणाले बघू. दादरलाच उतरतो, सवय झालीय आता, असंही म्हणाले. येतील की नाही माहीत नाही. खोली तयार आहे.

आजचा प्रश्न तुमच्यासाठी : तुमच्याकडची अशी कोणती एक गोष्ट आहे जी द्यायची वेळ आली तर तुम्ही थांबाल? उत्तर मला सांगू नका. रात्री झोपण्याआधी स्वतःलाच सांगा. जमलं तर या आठवड्यात ती गोष्ट एकदा कुणाच्या तरी उपयोगी पडू द्या.

हे गोपाला, घर दिलंस त्याबद्दल तुझे आभार. दारावरच्या पाटीवर आमचं नाव असू दे, पण मनावर ती पाटी लागू देऊ नकोस. आणि जी माणसं संतांच्या मागे घरी राहिली, त्यांनाही तुझ्या चरणाशी जागा दे.

उद्या श्लोक ७२. अध्यायाचा शेवट. तोपर्यंत, राम कृष्ण हरी!